कळपांना वाट सोडताना

फिन्सेला रस्ता जात नाही. ओस्लो-बर्गन रेल्वेमार्गावरचं हे स्थानक १२२२ मीटर उंचीवर आहे, नॉर्वेतलं सर्वांत उंच. इथे यायचं तर गाडीनं, नाहीतर पायी किंवा सायकलनं, आणि हिवाळ्यात स्कीवर. फलाटावर उतरलं की समोर तळं, तळ्यापलीकडे हार्डांगरयोकुलेनचं पांढरं बर्फाच्छादन, आणि नजर जाईल तिथवर झाड म्हणावं असं काही नाही. स्कॉट आणि शॅकल्टन या दोघांनीही आपल्या ध्रुवीय मोहिमांची तयारी इथल्या बर्फात केली होती. मी उतरले तेव्हा सप्टेंबर नुकताच लागला होता. घोट्याएवढ्या खुज्या बर्चची पानं लाल झाली होती, वारा अंगात घुसत होता आणि डोंगराच्या सावलीतल्या घळींमध्ये गेल्या हिवाळ्याचा बर्फ अजून टिकून होता.

रस्ता नसल्यामुळे हे ठिकाण अस्पर्श आहे असं पाहुण्याला वाटतं. रेनडिअरच्या दृष्टीनं ते तसं नाही. १९०९ मध्ये हा लोहमार्ग पुरा झाला आणि डोंगराच्या माथ्यावरून एक रेघ ओढली गेली. रेघेच्या उत्तरेला नॉर्डफ्येल्ला, दक्षिणेला हार्डांगरविद्दा. त्याआधी हे दोन प्रदेश रेनडिअरसाठी वेगळे नव्हते. दक्षिणेला थोडं खाली गेलं की राष्ट्रीय मार्ग ७ ही दुसरी रेघ आडवी येते. दिवसातून एखादी गाडी जाते तेव्हा वाट आडवी येत नाही. पण बर्फ हटवून बाराही महिने चालू ठेवलेला रस्ता, त्याच्या कडेची हॉटेलं, गाड्या लावून स्कीवर निघणारी माणसं, हे सगळं मिळून एक भिंत उभी राहते. ती नकाशावर दिसत नाही. रेनडिअरला दिसते.

मी इथे आले होते ती या रानटी रेनडिअरसाठी. ‘रानटी’ हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडे रेनडिअर म्हटलं की सामी लोकांचे कळप आठवतात. उत्तरेकडच्या त्या जनावरांना मालक असतो, कानावर मालकाची खूण असते, आणि त्यांच्या पाळण्यावर एक सबंध संस्कृती उभी आहे. दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांतले हे रानटी रेनडिअर कुणाचेच नाहीत. हिमयुग ओसरताना बर्फ मागे हटत गेला आणि त्याच्या मागोमाग हे प्राणी उत्तरेला सरकले. युरोपात इतरत्र ते बहुतेक ठिकाणी संपले, इथल्या पठारांवर उरले. आज सुमारे २५,००० रेनडिअर २४ वेगवेगळ्या क्षेत्रांत विखुरलेले आहेत. २५,००० हा आकडा ऐकून धोका वाटत नाही. पण २४ हा आकडा ऐकावा. कारण एकेकाळी ही २४ क्षेत्रं नव्हती, काही मोजकी विशाल राज्यं होती, आणि प्रत्येक राज्यात कळप ऋतूप्रमाणे शेकडो किलोमीटर फिरत होते. २०२१ मध्ये नॉर्वेच्या लाल यादीत या प्राण्याची नोंद पहिल्यांदा ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ अशी झाली. जगभरचं चित्र याहून वाईट आहे. २०२४ च्या आर्क्टिकविषयक अहवालानुसार टुंड्रात स्थलांतर करणाऱ्या रेनडिअर आणि कॅरिबूंची संख्या गेल्या दोन-तीन दशकांत ६५ टक्क्यांनी घटली आहे. ५५ लाखांच्या जागी १९ लाख.

हा प्राणी का फिरतो, हे समजल्याशिवाय त्याचं दुखणं समजत नाही. हिवाळ्यात तो जगतो दगडफुलावर. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच जातकुळीचं, बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र नांदण्यातून झालेलं. इथलं मात्र फिकट पिवळसर, झुडपासारखं, जमिनीवर गालिच्यासारखं पसरणारं. ते बर्फाखाली असतं. रेनडिअर वासानं ते हुडकतो आणि पुढच्या खुरांनी बर्फ उकरून खातो. त्यामुळे हिवाळ्यात त्याला लागतो कोरडा, कमी बर्फाचा मुलूख, आणि तो या डोंगरांच्या पूर्व अंगाला आहे. पश्चिमेला अटलांटिकचा ओलावा येतो. तिथे बर्फ जाड, पण उन्हाळ्यात गवत कोवळं आणि भरपूर. मे महिन्यात गाभण माद्या पश्चिमेकडे, ठरलेल्या डोंगरउतारांवर जाऊन वितात. शिंगं या माद्यांनाही असतात, आणि नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडाशीच गळून पडली तरी गाभण मादीची शिंगं विण्याच्या वेळेपर्यंत डोक्यावर राहतात. उकरलेल्या खड्ड्यातल्या चाऱ्यावरचा हक्क त्यामुळे तिला राखता येतो. जुलैच्या उन्हात माश्या छळायला लागल्या की कळप उंचावरच्या बर्फाच्या पट्ट्यांवर जाऊन उभे राहतात. त्या माश्यांच्या अळ्या रेनडिअरच्या नाकात आणि कातडीत वाढतात. बर्फावरच्या गारव्यात त्यांचं उडणं थांबतं. पूर्वेचं हिवाळी कुरण, पश्चिमेची वीणभूमी, उन्हाळ्यातला बर्फ, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा. यातली एक जरी कडी तुटली तरी बाकीच्या असून नसल्यासारख्या होतात.

दगडफूल वर्षाला वाढतं काही मिलिमीटर. कळप एकाच जागी कोंडला गेला आणि त्यानं तिथला गालिचा खरवडून खाल्ला, तर तो पुन्हा भरायला दशकं जातात. आता हिवाळ्यातच पाऊस पडण्याचे प्रसंग वाढले आहेत. बर्फावर पडलेलं पाणी रात्री गोठतं, काचेसारखा थर बसतो आणि खूर आत जात नाही. पूर्वी कळप अशा वेळी दुसऱ्या खोऱ्याकडे निघून जायचा. आज त्या दोन खोऱ्यांच्या मधे घरं आहेत.

घरांविषयी मला ओस्लोतच कळलं होतं. माझी मैत्रीण आणि तिचा नवरा तिथे बरीच वर्षं आहेत, दोघंही इंजिनिअर, आणि गाइलोच्या बाजूला एक ‘हिट्टे’ घ्यायचा त्यांचा विचार चालला होता. हिट्टे म्हणजे डोंगरातलं लाकडी घर. शनिवार-रविवारी, नाताळात, ईस्टरला जायचं. “अगं, इथे सगळ्यांचंच असतं,” ती म्हणाली. “ऑफिसात सोमवारी पहिला प्रश्न तोच, या वेळी वर गेला होतात का?” तिच्या बोलण्यात एक सुख होतं, या देशातलं होऊन गेल्याचं. ५५ लाख लोकवस्तीच्या नॉर्वेत अशी सव्वाचार लाखांहून जास्त घरं आहेत. पूर्वीची घरं पाणी-विजेवाचून, एकेकटी असत. आताच्या वसाहतींना रस्ता लागतो, सांडपाण्याचे नळ लागतात, आखलेल्या स्कीवाटा लागतात. घर पठाराच्या कडेला असतं, पण त्यात राहणारी माणसं पठाराच्या आत पाच-सात किलोमीटर जातात आणि परत येतात.

आणि जाण्याचा त्यांना हक्क आहे. १९५७ च्या कायद्यानं नॉर्वेत कुणालाही कुणाच्याही मोकळ्या जमिनीवरून चालत जाण्याचा, तंबू ठोकण्याचा अधिकार दिला आहे. मला हा कायदा फार आवडतो. नद्या-डोंगर ही पैसेवाल्यांची मिरास नसावी, हा त्यातला विचार कोणत्याही देशानं घ्यावा असा आहे. १८६८ पासून इथली गिर्यारोहण संस्था वाटा आखते. दगडांच्या लगोऱ्यांवर लाल रंगात रोमन लिपीतलं टी हे अक्षर रंगवलेलं असतं आणि धुक्यात ते दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण याच प्रेमळ, कायदेशीर, निरुपद्रवी चालण्याची बेरीज आता एवढी झाली आहे की कळपांना वाटा ओलांडता येत नाहीत. रेनडिअर उघड्या माळावरचा प्राणी आहे. लपायला झाडी नाही, म्हणून दुरून दिसणारी हालचाल आणि वाऱ्यावरचा वास यांवरच त्याची भिस्त. माणूस दिसला की कळपच्या कळप उठून जातो, आणि पिल्लं सोबत असलेल्या माद्या सगळ्यांत आधी. गळ्यात जीपीएस पट्टे घातलेल्या जनावरांच्या नोंदी बघितल्या की नकाशावर ठिपक्यांची दाटी दिसते आणि मधेच रिकामे पट्टे. त्या रिकाम्या पट्ट्यांत चारा उत्तम असतो. तिथून फक्त एक लोकप्रिय पायवाट गेलेली असते.

मैत्रिणीला मी हे सांगितलं. तिला राग आला नाही, पण तिनं जे विचारलं ते बरोबर होतं: सव्वाचार लाखांत आणखी एकानं काय फरक पडतो? मी म्हटलं, प्रत्येक नगरपालिका असंच म्हणून परवानगी देते. डोंगराचं पठार एकच असतं आणि त्याच्या कडेनं दहा-बारा नगरपालिका. प्रत्येकीला वाटतं आपल्या हद्दीत थोडी वसाहत झाली तर कर वाढेल, दुकान चालेल, शाळा टिकेल. तेही खोटं नाही. पण रेनडिअरला हद्द माहीत नसते.

तसंच पाण्याचं. मी ज्या गाडीनं आले ती विजेवर चालते, ओस्लोतल्या बहुतेक नव्या मोटारी विजेवर चालतात, आणि ही वीज डोंगरातल्या धरणांची. सेटेसडाल-र्‍युफिल्के भागातलं ब्लोशो हा प्रचंड जलाशय १९८० च्या दशकात भरला तेव्हा रेनडिअरच्या पिढ्यानपिढ्यांच्या वाटा त्याखाली गेल्या. वीज स्वच्छ आहे हे खरं, आणि तिची किंमत कुणीतरी चुकती केली हेही खरं.

नॉर्वेच्या सरकारनं या सगळ्याचं मोजमाप करायचं ठरवलं, ही मला या प्रकरणातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. २०२० मध्ये रानटी रेनडिअरसाठी एक गुणवत्ता-निकष कायद्यानं ठरवण्यात आला. कळपाची प्रकृती कशी आहे, दगडफुलाची कुरणं कशी आहेत, आणि जुन्या वाटांपैकी किती अजून वापरता येतात, अशा तीन अंगांनी प्रत्येक क्षेत्र तपासायचं. आणि तिन्हींतलं जे सर्वांत वाईट तोच त्या क्षेत्राचा निकाल. सरासरी काढायची नाही. २०२२ मध्ये दहा राष्ट्रीय रेनडिअर-क्षेत्रांचा निकाल आला: सहा वाईट, चार मध्यम, चांगलं एकही नाही. सरासरीची सोय असती तर हा निकाल गुळगुळीत झाला असता. २०२४ मध्ये सरकारनं संसदेपुढे श्वेतपत्रिका ठेवली आणि क्षेत्रवार कृती-आराखड्यांचं काम सुरू झालं.

फिन्सेच्या जेवणघरात मला एक शिकारी भेटले. साठीच्या पुढचे, हॉलकडचे, बंदूक खोळीत बांधून भिंतीला टेकवलेली. २० ऑगस्टपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. रेनडिअर वाचवायचे आणि त्यांची शिकारही करायची, हे आपल्याकडच्या वाचकाला खटकेल. मलाही समजून घ्यायला वेळ लागला. लांडगे या डोंगरांतून जवळपास नाहीसे झाले आहेत. कळप वाढत गेला तर तो आपलंच दगडफूल संपवतो आणि मग उपाशी मरतो. म्हणून परवाने मोजून दिले जातात. वजनं, वय, जबड्याची हाडं, ही सगळी माहिती शिकाऱ्यांकडूनच गोळा होते. गावातल्या माणसाला कळपाची जेवढी माहिती असते तेवढी क्वचितच कुणाला असते.

त्यांच्याकडून मी नॉर्डफ्येल्लाची हकिगत ऐकली. वाचलेली होती; पण ती पुस्तकात असणं वेगळं आणि समोरच्या माणसानं ताटातला चमचा बाजूला ठेवून सांगणं वेगळं.

मार्च २०१६. नॉर्डफ्येल्लात संशोधक हेलिकॉप्टरनं फिरून रेनडिअरना पट्टे घालत होते. एक मादी आजारी आढळली आणि मेली. तिच्या मेंदूच्या तपासणीत सीडब्ल्यूडी निघाला, हरणवर्गीय प्राण्यांच्या मेंदूची चाळण करणारा प्रिऑनचा रोग. अमेरिकेत कोलोराडोत १९६७ पासून तो माहीत आहे. युरोपात तोवर कधीच सापडला नव्हता. प्रिऑन म्हणजे ना विषाणू, ना जिवाणू, चुकीची घडी पडलेलं प्रथिन. औषध नाही, लस नाही, आणि लाळ-मूत्रातून मातीत गेलं की वर्षानुवर्षं तिथेच राहतं. मेंढ्यांसाठी डोंगरात ठेवलेले मिठाचे दगड रेनडिअरही चाटत होते. एकाच दगडावर किती जिभा फिरल्या असतील! रोग पसरू द्यायचा नसेल तर एकच उपाय, असं ठरलं: त्या भागातला कळप शेवटच्या जनावरापर्यंत मारायचा. दोन हजारांहून अधिक रेनडिअर. २०१७ च्या शरदात आधी स्थानिक शिकाऱ्यांनी, मग हिवाळ्यात सरकारी नेमबाजांनी ते काम केलं. २०१८ च्या सुरुवातीला तो डोंगर रिकामा झाला. एकूण १९ जनावरांत रोग सापडला. मारलेल्या बाकीच्या जनावरांत तो आढळला नाही.

“माझ्या आजोबांनी जिथून पहिला बैल मारला, तिथून मी शेवटचे मारले,” ते म्हणाले. ‘बैल’ म्हणजे मोठा नर. “आम्ही हे केलं ते हार्डांगरविद्दा वाचावी म्हणून.”

सप्टेंबर २०२० मध्ये हार्डांगरविद्दावर मारलेल्या एका नरात तोच रोग निघाला. २०२२ मध्ये आणखी एका जनावरात. इथे मारलेल्या प्रत्येक प्रौढ जनावराच्या डोक्याचे नमुने तपासणीला पाठवावे लागतात, आणि कळपाची संख्या, विशेषतः मोठ्या नरांची, किती खाली आणायची यावरून शास्त्रज्ञ, शिकारी आणि सरकार यांच्यात तीव्र वाद झाले आहेत. तो वाद मला त्या जेवणाच्या टेबलावर सोडवता आला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. नॉर्डफ्येल्लाचा तो भाग उत्तरेला राष्ट्रीय मार्ग ५२ आणि दक्षिणेला हॉल-आउरलान या रस्त्यांच्या मधे अडकलेला होता, म्हणूनच कळप बाहेर न जाऊ देता मारता आला. रस्त्यांनी आधी कळप तोडले, आणि नंतर त्याच तुटलेपणाचा उपयोग रोग अडवण्यासाठी करावा लागला. एखाद्या प्राण्याची परिस्थिती किती बिकट झाली आहे याचं याहून मोठं प्रमाण मला माहीत नाही. आज या रेनडिअरचे सगळे कळप पुन्हा जोडून टाका, असंही सरळ म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पठाराच्या कडेनं चालले, आखलेल्या वाटेवरूनच. हार्डांगरविद्दा राष्ट्रीय उद्यान १९८१ चं, ३४२२ चौरस किलोमीटर, आणि पठार त्याहून कितीतरी मोठं. वर दगड, ओलसर कुरणं, तळी, पुन्हा दगड. १९४२ च्या हिवाळ्यात व्हेमोर्कच्या जड पाण्याच्या कारखान्यावरच्या हल्ल्यासाठी उतरलेले चार नॉर्वेजियन तरुण याच पठारावर लपून होते. शिधा संपला तेव्हा त्यांनी दगडफूल उकळून खाल्लं. नाताळच्या तोंडावर येन्स-आन्तोन पोल्सननं एक रेनडिअर मारला आणि ते वाचले. जनावराच्या पोटातलं अर्धवट पचलेलं दगडफूलही त्यांनी खाल्लं, कारण हिरव्या भाजीत जे मिळतं ते त्यातच होतं. याच पठारावर २६ ऑगस्ट २०१६ ला एका वादळात वीज जमिनीत शिरली आणि एकमेकांना खेटून उभे असलेले ३२३ रेनडिअर जागच्या जागी मेले. डोकी तपासणीसाठी नेली, धडं तशीच ठेवली. कावळे, गरुड, कोल्हे आले. पुढच्या वर्षांत त्या मातीत काय उगवतं ते संशोधकांनी नोंदवलं. निसर्गाचा घाला कितीही मोठा असला तरी पठाराला तो पचवता येतो. त्या दिवशी मला एकही रेनडिअर दिसला नाही, आणि सप्टेंबरात या वाटेवर ते दिसावेत अशी अपेक्षाही गैर होती.

तिथून ओस्लोला परतून मी डोव्रेकडे निघाले. ट्रोन्हाइमची गाडी गुडब्रान्सडालेनच्या लांब खोऱ्यातून वर जाते, डोम्बोसनंतर चढण लागते आणि झाडं विरळ होत संपतात. १८१४ मध्ये आइड्सव्होलला राज्यघटना लिहिणाऱ्यांनी शपथ घेतली होती की डोव्रेचा डोंगर कोसळेपर्यंत आम्ही एक राहू. नॉर्वेच्या मनात हा डोंगर एवढा पक्का बसलेला आहे. १९२१ मध्ये त्यावरून रेल्वे गेली, पुढे ई-६ महामार्ग रुंद झाला. पश्चिमेच्या स्नोहेट्टा भागातला कळप आणि पूर्वेचे रोंडाने, क्नुट्सहो इथले कळप त्यानंतर एकमेकांना मुकले. पूर्वेची कोरडी, दगडफुलानं भरलेली हिवाळी कुरणं स्नोहेट्टाच्या जनावरांच्या हातची गेली. ती आता पश्चिमेच्या ओल्या, जाड बर्फात हिवाळा काढतात.

या वाटा किती जुन्या आहेत हे डोंगरच सांगतो. रोंडाने आणि डोव्रेच्या उतारांवर दगडांनी बांधलेले फासखड्डे आहेत, रांगेनं, कळपांच्या वाटेला आडवे. मध्ययुगात आणि त्याआधी लोकांनी ते खणले, वरून फांद्या-दगडफुलानं झाकले. योटुनहाइमेनच्या लांगफोन्ने या वितळत्या बर्फपट्ट्यातून पुरातत्त्वज्ञांना ६८ बाण मिळाले; सर्वांत जुने सुमारे ६००० वर्षांचे. सहा हजार वर्षं माणसानं याच पट्ट्यांवर याच प्राण्याची वाट बघितली, म्हणजे सहा हजार वर्षं प्राणी त्याच पट्ट्यांवर येत राहिला. आता बर्फ वितळतो आहे म्हणून बाण सापडताहेत, आणि बर्फ वितळतो आहे म्हणूनच रेनडिअरचा उन्हाळ्यातला आसरा कमी होतो आहे.

येर्किन स्थानकापासून थोड्या अंतरावर, दीड किलोमीटरच्या चढणीनंतर, एक घर आहे. स्नोहेट्टा याच नावाच्या वास्तुरचनाकार संस्थेनं रेनडिअर केंद्रासाठी ते बांधलं, २०११ मध्ये. बाहेरून गंजल्या रंगाची पोलादी चौकट, आत पाइनच्या जाड तुळयांतून वाहत्या पाण्यासारखी कोरलेली बैठक. हार्डांगर फ्योर्डच्या जहाज बांधणाऱ्या सुतारांनी केलेली. समोरची सबंध भिंत काचेची आणि काचेपलीकडे २२८६ मीटर उंच स्नोहेट्टा. शेगडी पेटलेली असते. इथे बसायचं आणि दुर्बिणीतून बघायचं. माणसांना आणून एका जागी बसवायचं, म्हणजे ती माळभर पसरत नाहीत. हा या घराचा खरा उपयोग आहे. केंद्रातल्या तरुण मुलीनं मला दुर्बीण लावून दिली आणि कुठे शोधायचं ते सांगितलं: उतारावर नाही, बर्फाच्या डागाच्या खालच्या कडेला. बऱ्याच वेळानं मला दगड हलताना दिसले. करड्या ठिपक्यांची एक ओळ, पुढे माद्या, त्यांच्या बगलेला या वर्षीची पिल्लं. चेहरे दिसले नाहीत, शिंगं जेमतेम. मी समाधानानं बघत राहिले. एवढ्या लांबून बघणं हीच या प्राण्याशी वागायची रीत आहे.

तिनं मग काचेच्या उजवीकडचा माळ दाखवला आणि विचारलं, तिथे काय दिसतं? मला काहीच वेगळं दिसलं नाही. झुडपं, दगड, पाणथळ. “बघा, रस्ता दिसत नाही ना,” ती म्हणाली.

तिथे १९२३ पासून लष्कराचं गोळीबार क्षेत्र होतं. १६५ चौरस किलोमीटर. तोफा, बाँब, रणगाडे. १९९९ मध्ये संसदेनं ते बंद करायचं ठरवलं आणि नुसतं बंद नाही, डोंगर पूर्ववत करायचा, असं ठरवलं. मग दोन दशकं ते काम चाललं. सैनिक ओळीनं चालत, पावलागणिक जमीन तपासत, न फुटलेले गोळे वेचत. इमारती पाडल्या. सुमारे ९० किलोमीटर रस्ते उखडले. उखडले म्हणजे नांगरून सोडून दिले असं नाही. भर घालायला जिथून माती-दगड आणले होते तिथे ते परत नेले, ओढ्यांचे जुने प्रवाह मोकळे केले, बाजूच्या माळावरची हिरवळ मुळासकट काढून ठिगळासारखी लावली, इथल्याच वाळुंजाच्या फांद्या रोवल्या. बाहेरचं बी आणलं नाही. काम संपलं २०२० मध्ये. त्याआधीच बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यानात घेतला होता.

मी रस्ते बांधताना भरपूर बघितले आहेत. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्ग ४४ वर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून वन्यप्राण्यांसाठी खालून नऊ मोकळ्या जागा ठेवल्या आहेत, सर्वांत लांब ७५० मीटरची, आणि त्यातून वाघ गेल्याची छायाचित्रं आहेत. ती लढून मिळवलेली गोष्ट आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण असलेला रस्ता संसदेच्या ठरावानं उचलून, त्याच्या जागी डोंगर परत ठेवलेला मी पहिल्यांदा बघितला. रेनडिअर पुलाखालून सहज जाणारा प्राणी नाही. त्याला आकाश हवं, चारी बाजूंना नजर हवी. हार्डांगरविद्दावरचा मार्ग ७ बोगद्यात न्यावा अशी मागणी म्हणूनच आहे. त्याला पैसा लागेल, आणि नॉर्वेकडे तो आहे. कौशल्य आहे हे तर येर्किननं सिद्धच केलं.

९० किलोमीटर रस्ते उखडले, एक रस्ता मात्र राहिला. येर्किनहून स्नोहाइमच्या पर्वतगृहापर्यंत जाणारा, स्नोहेट्टाच्या पायथ्याचा. खासगी गाड्यांना तिथे बंदी आहे, उन्हाळ्यात बस जाते, आणि शिखर चढू बघणारे, कस्तुरीबैल बघायला आलेले लोक तिनं वर जातात. हा रस्ता नेमका कळपांच्या उत्तर-दक्षिण वाटेला आडवा आहे. त्यावर वर्षानुवर्षं वाद आहे. संध्याकाळी जिथे उतरले होते तिथल्या यजमानांशी मी हे बोलले. ते डोव्रेचेच, वडील गोळीबार क्षेत्रात कामाला होते. त्यांचं म्हणणं असं की गावातल्या पोरांनी डोंगर बघितलाच नाही तर त्यांना तो वाचवावासा का वाटेल? म्हाताऱ्यांनी, लहान मुलं असलेल्यांनी, पंधरा किलोमीटर चालायचं का? बस ही माणसांना शिस्तीत ठेवते. ती नसेल तर ते हव्या त्या दिशेनं जातील. त्यांच्या बोलण्यातली कळकळ खरी होती आणि बसचा मुद्दाही खोटा नव्हता.

तरी माझं मत मी त्यांना सांगितलं, आणि ते इथेही लिहिते. रस्ता जावा, पर्वतगृह कडेला यावं. पोरांना डोंगर काचेतून, दुर्बिणीतून दिसतो; मला दिसला. पश्चिमेच्या कळपांनी पूर्वेची कुरणं आधीच गमावली आहेत, रेल्वे आणि ई-६ काही कुणी उचलणार नाही. मग जे उचलता येतं ते तरी उचलावं. उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला हा एक पट्टा मोकळा झाला तर स्नोहेट्टाच्या माद्यांना मे महिन्यात निदान एका बाजूनं तरी न थांबता जाता येईल. यजमानांनी मान हलवली नाही, पण नकाशा काढून आणला, आणि पर्वतगृह हलवायचंच झालं तर कुठे बांधता येईल यावर आम्ही झोपेपर्यंत बोलत होतो.